अभ्यासकांशी त्यांच्या नव्या पुस्तकावर बोलताना : मराठी पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी

मराठीत एखादे संशोधनपर पुस्तक प्रसिद्ध झाले की त्याच्या वाट्याला बहुधा एक प्रकाशन समारंभ, एखाद्या रविवार पुरवणीतला परिचय आणि मोजक्या ग्रंथालयांची खरेदी एवढेच येते. समारंभात पाहुण्यांची भाषणे होतात आणि लेखकाच्या मनोगताला शेवटी थोडा वेळ उरतो. त्यामुळे लेखकाने कोणत्या कागदांच्या आधारे काय म्हटले, त्यात नवे काय आणि वादाचे काय, हे सभागृहात बसलेल्यांनाही नीटसे कळत नाही. ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांनी दीर्घ परीक्षणांतून हे काम निष्ठेने केले आहे. त्याच कामाला आता ध्वनिमुद्रित संभाषणाची जोड देता येते. त्यासाठी लागणारा खर्च फार नाही, श्रम मात्र पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक माइक सुरू होण्यापूर्वीचे आहेत. ते कसे आणि कोणत्या क्रमाने करावेत, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे सांगत आहे.

आधी ऐका

या प्रकारातला सर्वांत मोठा आणि अभ्यासण्याजोगा प्रयोग म्हणजे ‘न्यू बुक्स नेटवर्क’. रशियाच्या इतिहासाचे अमेरिकी अभ्यासक मार्शल पो यांनी २००७ साली इतिहासविषयक नव्या पुस्तकांच्या लेखकांशी बोलण्याचा एक कार्यक्रम सुरू केला आणि पुढे त्यातूनच हे जाळे वाढले. त्यात विषयवार स्वतंत्र वाहिन्या आहेत आणि दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठीही एक वाहिनी आहे. मुलाखत घेणारे बहुतांशी त्या त्या विषयातले अध्यापक किंवा संशोधक असतात आणि ते हे काम स्वेच्छेने करतात. भाग साधारण तासाभराचा असतो. लेखक या विषयाकडे कसा वळला इथून बोलणे सुरू होते, मग पुस्तकातील प्रकरणे क्रमाने घेतली जातात आणि ‘सध्या कशावर काम चालू आहे’ या प्रश्नाने समारोप होतो. ध्वनीची गुणवत्ता प्रत्येक वेळी उत्तम असतेच असे नाही. तरीही हे भाग ऐकले जातात, कारण समोरच्याने पुस्तक वाचलेले आहे हे पहिल्या काही मिनिटांतच जाणवते.

याच्या जोडीला आणखी दोन कार्यक्रम ऐकावेत. बीबीसी रेडिओ ४ वर लॉरी टेलर यांनी दीर्घकाळ चालवलेला ‘थिंकिंग अलाउड’ हा समाजशास्त्रीय संशोधनावरचा कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. भारतातील अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ या कार्यक्रमात एकेका पाहुण्याशी कित्येक तास बोलणे चालते. तिन्हींचा एकेक भाग ऐकताना कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कोणत्या प्रश्नावर पाहुणा पाठ केलेले सोडून खरोखर विचार करू लागला, ते टिपून ठेवा. आपल्या भागाची लांबी आणि चाल ठरवताना या टिपणाचा फार उपयोग होतो. नव्याने सुरू करणाऱ्याने पन्नास मिनिटांचा बेत करावा, असे माझे मत आहे. त्यापेक्षा कमी वेळात पुराव्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि त्याहून अधिक वेळ संभाषण बांधून ठेवणे अनुभवाशिवाय जमत नाही.

विषय आणि पुस्तक यांची निवड

‘सर्व विषयांवरील नवी पुस्तके’ असा संकल्प करू नका. ज्या क्षेत्रातील तळटिपा तुम्हाला वाचता येतात, तेच क्षेत्र घ्या. मराठेशाहीचा इतिहास, संतसाहित्य, लोकसंस्कृती, जातिव्यवस्थेचा अभ्यास, भाषाविज्ञान, सह्याद्रीतील वनस्पती यांपैकी कोणतेही एक क्षेत्र वर्षभराला पुरून उरते. पुस्तक गेल्या दोन वर्षांतले असावे, असा नियम ठेवला तर निवड सोपी होते आणि लेखकाच्याही मनात विषय ताजा असतो.

अभ्यासक म्हणजे विद्यापीठातील प्राध्यापक, एवढाच अर्थ मराठीत कधीच नव्हता. वि. का. राजवाडे आणि रा. चिं. ढेरे यांनी विद्यापीठातील पदाचा आधार न घेता जे संशोधन केले, ते डोळ्यांसमोर असू द्या आणि जिल्ह्याच्या गावी नोकरी सांभाळून ताम्रपट, वीरगळ किंवा बोलीभाषा यांवर काम करणाऱ्या लेखकालाही तितक्याच आदराने बोलवा. पुस्तकात पुरावा दिला आहे का आणि तो तपासता येतो का, ही कसोटी दोघांनाही सारखीच लावावी.

दुसरा एक मोठा साठा इंग्रजीत आहे, आणि माझ्या दृष्टीने मराठी पॉडकास्टचे सर्वांत मोलाचे काम तिथेच आहे. महाराष्ट्रावरचे कितीतरी महत्त्वाचे संशोधन परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनांतून इंग्रजीत येते आणि ज्यांच्याविषयी ते लिहिलेले असते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तमाशातील दलित स्त्री-कलावंतांच्या इतिहासावर शैलजा पाईक यांनी लिहिलेले पुस्तक २०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले. पश्चिम भारतातील मोडी लेखन आणि भाषाव्यवहार हा प्राची देशपांडे यांच्या संशोधनाचा विषय आहे. अशा विषयांवर मराठीतून सविस्तर बोलणे व्हायला हवे. अमेरिकेतील ॲन फेल्डहाउस यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर महानुभाव वाङ्मयापासून महाराष्ट्रातील नद्या-देवस्थानांपर्यंतचे काम मराठी शिकूनच केले आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकाला मराठीतून बोलण्याची विनंती करायला संकोच वाटू देऊ नका. अडले तर इंग्रजी शब्द वापरायला हरकत नाही, एवढे आधी सांगितले की पुरे. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत.

पुस्तक मिळवण्याबाबत थोडेसे. विद्यापीठीय प्रकाशन संस्थांकडे अभिप्रायार्थ प्रत मागितली तर त्या पुष्कळदा पीडीएफ पाठवतात. मराठी पुस्तक मात्र विकत घ्यावे. आवृत्ती लहान असते आणि प्रकाशकाला एकेक प्रत महत्त्वाची असते.

वाचन

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेच पाहिजे. यात सवलत नाही. प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचून घेतलेली मुलाखत लेखकाला तत्काळ ओळखू येते आणि मग तोही वरवरचीच उत्तरे देतो.

वाचण्याचा क्रम मात्र बदलावा. प्रथम ऋणनिर्देश वाचा. लेखक कोणत्या दप्तरखान्यात बसला, कोणत्या गावी राहिला, कोणी त्याला कागद दाखवले, हे तिथेच कळते आणि संभाषणातले जिवंत प्रश्न पुष्कळदा तिथूनच निघतात. त्यानंतर प्रस्तावना आणि समारोप वाचा, म्हणजे लेखकाचा मुख्य दावा हाती येतो. मग प्रकरणे क्रमाने घ्या आणि प्रत्येक प्रकरण संपल्यावर तीन ओळी लिहा : येथे दावा कोणता, त्याला पुरावा कोणता आणि मला पटले नाही ते काय. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते प्रकरण पुन्हा चाळा. शेवटी संदर्भसूचीवरून नजर फिरवा आणि कोणत्या अभ्यासकाशी लेखकाचा वाद चालला आहे ते पाहा. शक्य झाल्यास लेखकाचा आधीचा एखादा लेखही वाचावा, कारण मत कुठे बदलले हे विचारता येते आणि त्या प्रश्नाचे उत्तर सहसा प्रांजळ मिळते.

लेखकाला पत्र

ई-मेल लहान असावी आणि पुस्तक वाचल्याची खूण तिच्यात असावी. एक उदाहरण घेऊ. समजा, पुस्तक अठराव्या शतकातील बलुतेदारांच्या हक्कांविषयी आहे आणि ते पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांवर, त्यांतही महजरांवर (गावसभेने दिलेल्या निवाड्यांच्या लेखांवर) आधारलेले आहे. पत्र असे लिहिता येईल :

“सादर नमस्कार. आपले पुस्तक मी संपूर्ण वाचले. तिसऱ्या प्रकरणात महजरांच्या आधारे सुतार आणि लोहार यांच्या हक्कांविषयी आपण जी मांडणी केली आहे, तिच्यावर श्रोत्यांसाठी सविस्तर बोलावे अशी इच्छा आहे. संभाषण मराठीतून, साधारण एक तासाचे आणि घरबसल्या करता येईल. चर्चेचे मुद्दे आठवडाभर आधी पाठवीन. संपादित भाग प्रसिद्धीपूर्वी आपल्याला ऐकवीन आणि तपशिलाची चूक असल्यास दुरुस्त करीन. पुढील महिन्यातील सोयीचा दिवस कळवावा, ही विनंती.”

यात मानधनाचा उल्लेख नाही. ते देणे शक्य असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि शक्य नसेल तर तेही स्पष्ट लिहावे. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यापुढे पाठपुरावा करू नये.

प्रश्न

सगळी मदार प्रश्नांवर असते, म्हणून येथे थोडे थांबू.

वरच्याच पुस्तकाविषयी “अठराव्या शतकातील बलुतेदारी कशी होती?” असे विचारले तर लेखक वर्गात देतो ते व्याख्यान देईल. श्रोत्याला माहिती मिळेल, पण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाली असती. आता हाच प्रश्न असा विचारून पाहा : “तिसऱ्या प्रकरणात एका गावच्या सुताराने आपल्या हक्कासाठी केलेल्या तक्रारीचा कागद तुम्ही दिला आहे. तो तुम्हाला कोणत्या रुमालात (कागदांच्या कापडी गठ्ठ्यात) मिळाला, आणि त्या मोडी मजकुरात सुताराचे स्वतःचे बोल किती व लिहून घेणाऱ्या कुलकर्ण्याचे किती, हे तुम्ही कसे ठरवले?” या प्रश्नाला व्याख्यान पुरत नाही. लेखकाला दप्तरखान्यातले ते टेबल, कापडात बांधलेली कागदांची चळत, वाचता न आलेले अक्षर, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिलेला तपशील, हे सारे आठवून सांगावे लागते. ज्याने आयुष्यात कधी मोडी कागद पाहिलेला नाही अशा श्रोत्यालाही इतिहासकार काय करतो हे समजते आणि पुस्तकातील निष्कर्षावर किती विसंबावे याचा त्याला स्वतःला अंदाज येतो. ‘हे तुम्हाला कसे कळले?’ हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत निदान तीनदा विचारला गेला पाहिजे.

पन्नास मिनिटांना आठ ते दहा प्रश्न पुरतात. लेखक या विषयाकडे कसा आला इथून आरंभ करावा, पण त्यात पाच मिनिटांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये. मग पुस्तकाने कोणता प्रश्न सोडवायला घेतला ते लेखकाच्या तोंडून येऊ द्यावे. सगळी प्रकरणे उरकण्याचा हट्ट धरू नये. दोन प्रकरणे खोलात जाऊन घ्यावीत आणि बाकीची वाचकांसाठी ठेवावीत. उत्तरार्धात अवघड प्रश्न यावेत : एका परगण्यातील कागदांवरून साऱ्या प्रांताविषयी बोलता येते का, तुमच्या मांडणीच्या विरोधात जाणारा कागद सापडला का, सापडला तेव्हा तुम्ही काय केले? असे प्रश्न आदराने आणि पृष्ठक्रमांकासह विचारले तर कोणताही गंभीर अभ्यासक दुखावत नाही. उलट, इतके बारकाईने वाचणारा कोणी भेटला याचा त्याला आनंद होतो.

एका वेळी एकच प्रश्न विचारा. आपल्याकडे प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःचे दोन-तीन मिनिटांचे विवेचन करण्याची सभांमधली सवय आहे, ती सोडावी लागते. लेखकाला आधी मुद्दे पाठवावेत, शब्दशः प्रश्न पाठवू नयेत, नाहीतर उत्तरे वाचून दाखवली जातात.

ध्वनिमुद्रण

सुरुवातीला यूएसबीने जोडता येणारा एक डायनॅमिक प्रकारचा माइक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरेसे आहेत. डायनॅमिक माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर ठेवावा लागतो, पण तो खोलीतले इतर आवाज कमी पकडतो. आपल्या घरांत हा गुण फार कामाचा आहे. कपड्यांची कपाटे, गाद्या किंवा पुस्तकांनी भरलेल्या मांडण्या असलेली लहान खोली निवडा. रिकाम्या भिंतींची दिवाणखान्यासारखी मोठी खोली आवाज घुमवते. पंखा बंद करावाच लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ घ्यावी. शेजारच्या कुकरची शिट्टी किंवा गल्लीतला भाजीवाला मध्येच आला तर बोलणे थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगावे.

पाहुणा दुसऱ्या गावी किंवा परदेशी असेल तर ‘रिव्हरसाइड’ किंवा ‘झेनकास्टर’ यांसारखी सेवा वापरा. तिच्यात प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर मुद्रित होऊन मग वर चढतो, त्यामुळे इंटरनेट अडखळले तरी मुद्रण बिघडत नाही. ‘झूम’ वापरायचे असल्यास प्रत्येक व्यक्तीच्या आवाजाची स्वतंत्र फाइल करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडावा. पाहुण्याकडे माइक नसेल तर मोबाइलला जोडता येणारे तारेचे इअरफोनही चालतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत बोलणे मात्र टाळायला सांगा, कारण तुमचाच आवाज त्यांच्या माइकमधून परत येतो. पातळी अशी ठेवा की मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील मापकावर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. मुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात करावे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट आणि एकाच चॅनेलचे तासाभराचे मुद्रण सुमारे ३१८ मेगाबाइट जागा घेते, तेव्हा डिस्कवरची जागा आधी पाहून ठेवा. आरंभी पाहुण्याचे पूर्ण नाव, पद आणि मुद्रणास संमती त्यांच्याच आवाजात घ्या. नावाचा उच्चारही तेव्हाच विचारून घ्यावा.

संपादन

‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. खोकला, अडखळणे, दोनदा आलेले वाक्य, लांबलेली शांतता हे काढावे. मात्र एका बाबतीत फार जपावे लागते. अभ्यासक बोलताना ‘बहुधा’, ‘निदान पुणे प्रांतापुरते’, ‘उपलब्ध कागदांवरून तरी’ असे शब्द पुन्हा पुन्हा वापरतो. कानाला ते अडथळे वाटतात आणि बोलणे सुटसुटीत करण्याच्या भरात नवशिका संपादक ते कापून टाकतो. तेवढ्याने शक्यता म्हणून सांगितलेली गोष्ट ठाम विधान होऊन बसते आणि त्याचा जाब पुढे लेखकाला द्यावा लागतो. असा एकही शब्द कापू नका.

हीच काळजी समाजमाध्यमांसाठी छोटे तुकडे काढताना दुपटीने घ्यावी. इतिहास, जात, धर्म यांवरचे एक सुटे वाक्य संदर्भाविना फिरू लागले की लेखकाला त्रास होतो. शिवाजी महाराजांवरील एका पुस्तकाच्या वादातून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला होता आणि तेथील ग्रंथ-हस्तलिखितांची हानी झाली होती, हे आपण विसरता कामा नये. दावा आणि त्याचा पुरावा दोन्ही ज्यात आहेत असाच तुकडा निवडावा आणि तो लेखकाला दाखवूनच प्रसिद्ध करावा.

पुस्तकातील उतारा वाचायचा असेल तर तो लेखकाच्याच आवाजात आणि थोडक्यात घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, तरी मोठा उतारा किंवा छायाचित्र वापरताना प्रकाशकाची परवानगी घेणे योग्य. शेवटी आवाजाची एकूण पातळी सारखी करा. ॲपलने उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) ही पातळी सुचवलेली आहे आणि ऑडॅसिटीमध्ये त्यासाठी तयार सोय आहे.

प्रसिद्धी

नुसत्या बोलण्यासाठी ६४ केबीपीएसची एका चॅनेलची एमपीथ्री पुरते. तासाभराची फाइल साधारण २९ मेगाबाइटची होते आणि ग्रामीण भागातील श्रोत्यालाही ती सहज उतरवून घेता येते. फाइल ठेवणारी कोणतीही पॉडकास्ट सेवा तुम्हाला एक आरएसएस दुवा, म्हणजे तुमच्या भागांची यादी इतर सेवांना पुरवणारा पत्ता, देते. तो ॲपल, स्पॉटिफाय आदी ठिकाणी एकदा नोंदवला की पुढचे भाग तिथे आपोआप दिसतात. मुखचित्र चौरस आणि किमान १४०० पिक्सेलचे लागते. यूट्यूबवरही भाग ठेवा, कारण मराठी श्रोते मोठ्या संख्येने तिथेच ऐकतात.

भागाच्या शीर्षकात लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव असावे. वर्णनात प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, पुस्तक कुठे मिळेल आणि कोणत्या मिनिटाला कोणता मुद्दा आला, हे लिहावे. लेखकाचे नाव रोमन लिपीतही द्यावे, म्हणजे परदेशातील विद्यार्थ्यांना शोधताना ते सापडते. शक्य असेल तर पूर्ण शब्दांकन जोडा. यंत्राकडून ते करून घेता येते, पण व्यक्तींची व गावांची नावे आणि जुने शब्द त्यात हमखास चुकतात, म्हणून ते एकदा माणसाने वाचलेच पाहिजे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आणि ज्यांना प्रबंधात संदर्भ द्यायचा आहे त्यांना, दोघांनाही शब्दांकनाची गरज असते.

मूळ डब्ल्यूएव्ही फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि संमती असल्यास एक प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवा. तिथे साठवण विनामूल्य आहे. प्रसिद्धीनंतर कोणी तपशिलातील चूक दाखवली आणि लेखकाने ती मान्य केली तर वर्णनात तारखेसह दुरुस्ती लिहावी आणि पुढच्या भागाच्या आरंभी ती वाचून दाखवावी. महिन्याला एकच भाग होत असेल तर तेवढाच करावा. वर्षाची बारा पुस्तके नीट वाचून होतात आणि पुढच्या पुस्तकाचे वाचन सुरू करण्यासाठी मधले तीन आठवडे लागतातच.